आप्पासोचा फोन हाक मारतो

आप्पासोच्या नव्या फोनला पाठीमागं चार डोळे आणि पुढं एक. खुद्द आप्पासोला दोनच, त्यातल्या उजव्यात मोतीबिंदू. बायकोचे, म्हणजे रंगुबाईचे, दोन धरले तर बिऱ्हाडात एकूण नऊ डोळे झाले. तरी आप्पासोची तंबाखूची पिशवी रोज सकाळी हरवायची ती हरवायचीच. "एवढं डोळं इकत आणून उपेग काय?" असं रंगुबाई म्हणायची, आणि पिशवी त्याच्याच पटक्यातनं काढून त्याच्या हातात द्यायची.

हा आप्पासो जत तालुक्यातला मेंढपाळ. वय बासष्ट. गावात दोन खोल्या, आठ एकर कोरडवाहू आणि दीडशेच्या वर मेंढरं. पाऊस पडला तर त्या आठ एकरांत ज्वारी, नाही पडला तर नुसतीच मोकळी हवा. म्हणून दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि तासगाव, पेठ करत थेट शिराळ्याकडं चालायला लागायचं. तिकडं नदी, ऊस, बागायत. पीक निघालेल्या रानात तिथले शेतकरी मेंढरं बसवून घेतात. मेंढरं मुक्काम करतात, लेंड्या टाकतात, रानाला फुकटात खत होतं. त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, चहा पाजतो आणि "आवंदा लेंड्या जरा कमीच वाटत्यात, आप्पा" असंही सुनावतो. माणसाला कशाकशाचा हिशेब सुचेल, सांगता येत नाही.

आप्पासोचं नाव होतं ते त्याच्या हाकेसाठी. "हुर्रर्र याऽऽ, याऽऽ" अशी त्यानं हाक दिली की दोन रानं पलीकडं चरणारी मेंढरं मुंड्या वर करायची आणि निमूट चालत यायची. शाळेत मास्तरांचं कोणी एवढं ऐकत नाही. आप्पासोला त्याचा गर्व होता, आणि तो लपवून ठेवायचं पाप त्यानं कधी केलं नाही. चहाच्या टपरीवर, बाजारात, पाहुण्याच्या मयतीला गेला तरी दहाव्या मिनिटाला विषय हाकेवर यायचा. बाकीची कामं तो बारकी समजायचा. सकाळ-संध्याकाळ सत्तर-ऐंशी कोकरांतलं नेमकं कोकरू नेमक्या मेंढीखाली नेऊन सोडायचं, नाकारलेल्याला धरून पाजायचं, लंगड्याच्या पायातला काटा काढायचा, रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी ठोकायची नि उपटायची, ही सगळी बारकी कामं रंगुबाई करायची. मोठं काम एकच, हाक मारायचं, ते आप्पासो करायचा.

आणि नेमका त्या मोठ्या कामाचाच घसा बसला.

गणपतीच्या आसपास आवाज घोगरा झाला. आधी वाटलं, थंड पाणी प्यालो. मग वाटलं, कुणाची तरी नजर लागली. हळद झाली, ज्येष्ठमध झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी पोरगं मिरजेला डॉक्टरकडं घेऊन गेलं. डॉक्टरनं घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, "गाठी आल्यात. घाबरायचं कारण नाही, साध्या आहेत. पण आयुष्यभर ओरडलाय तुम्ही, बाबा. आता हाका बंद. बोलायचं तेसुद्धा हळू." आप्पासोनं डॉक्टरला विचारलं, "मेंढरास्नी काय चिठ्ठी लिहू?" डॉक्टर हसला. आप्पासोनं ते थट्टेत विचारलं नव्हतं.

पोरगं म्हणजे विश्वजित. सांगलीत एका मोबाईलच्या दुकानात विकायला असतो. गळ्यात पट्टा, अंगात दुकानाचा टी-शर्ट आणि तोंडात चोवीस तास फोनचे गुण. पोरगं वाईट नाही. आईबाप उन्हातान्हात रानोमाळ फिरतात हे त्याच्या जिवाला लागतं. दवाखान्याबाहेर चहा पिता पिता तो म्हणाला, "आबा, आता इकून टाकू मेंढरं. सांगलीत या दोघंबी. खोली मोठी घेतो."

आप्पासोनं कप खाली ठेवला. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ओढून काढत तो म्हणाला, "ज्या दिशी मेंढरं माज्या हाकंला यायची न्हाईत, त्या दिशी इकायची. शबुद दिला. तवर इषय काढायचा न्हाई."

आप्पासोला शब्द द्यायची भारी हौस. दिलेला मोडत नसे, हे मात्र खरं. त्यामुळं विश्वजितनं मान डोलावली आणि विषय मिटला. म्हणजे त्याला वाटलं मिटला. यंदाच्या वाटेवर मेंढरं हाकेला आली तर राहतील, नाही आली तर शिराळ्याहून परतताना बाजार दाखवायचा. एवढं सोपं.

दिवाळीला पोरगं गावाकडं आलं ते खोकं घेऊन. खोकं असं उघडलं जसं काय आत देव आहे. "आबा, ह्यो बघा. दुकानातला सगळ्यात भारी पीस. तुमच्यासाठी." मग एका दमात गुण म्हणून दाखवले. कॅमेरा दोनशे मेगापिक्सेल. बॅटरी सहा हजार. पाण्यात पडला तरी काही होत नाही. बोट लावलं की उघडतो. तोंड दाखवलं की उघडतो. बोललं की ऐकतो. किती चाललात ते सांगतो, किती झोपलात ते सांगतो, नाडी बघतो, वाट दाखवतो, पाऊस सांगतो. रंगुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमी काय करायचं?"

सगळ्यात मोठा गुण पोरानं शेवटाला ठेवला होता. गेल्या साली त्यानं आबाची हाक आपल्या फोनवर भरून घेतली होती, दुकानातल्या पोरांना ऐकवायला. ती त्यानं या फोनमधे घातली. पडद्यावर मेंढराचं चित्र होतं, त्याला बोट लावलं की फोन आप्पासोच्या गेल्या वर्षीच्या ठणठणीत आवाजात गर्जायचा, "हुर्रर्र याऽऽ, याऽऽ." आवाज एवढा मोठा की दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं. "घशाला इसावा," विश्वजित म्हणाला. "हाक फोन मारंल. आन कुनाचा फोन आला तरी हीच हाक वाजंल, रिंगटोन म्हून. म्हंजे तुमाला लगीच कळंल."

त्याला बापाचं कौतुक होतं, म्हणून त्यानं ती रिंगटोन लावली. पोराच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण फोनची रिंगटोन म्हणून मेंढराची हाक लावायची, आणि तो फोन दीडशे मेंढरांत वागवायला द्यायचा, ही बुद्धी फक्त मेंढपाळाच्या शिकलेल्या पोरालाच होऊ शकते. अडाण्याचं ते कामच नव्हे.

बिऱ्हाड निघालं. फोनही निघाला. चार दिवसांत आप्पासोला त्याचे गुण एकेक करून कळायला लागले.

बोट लावलं की उघडतो म्हणे. आप्पासोच्या बोटांवर चाळीस वर्षांची दोरी, काटे आणि लोकरीचं तेल. रेषा कुठल्या कुठं गेलेल्या. फोन म्हणायचा, ओळख पटली नाही. पुन्हा लावलं. पटली नाही. पाचव्या वेळेला फोन रुसला आणि तीस सेकंद थांबा म्हणाला. मग तोंड दाखवलं. तोंड पोरानं पटक्यासकट भरलं होतं. ऊन लागलं म्हणून पटका काढला की फोन धन्याला ओळखेना. "आरं, मीच हाय गड्या," आप्पासो त्याला सांगायचा. शेवटी आकडे टाकायचे ठरले. चार आकडे. ते रंगुबाईला पाठ होते, आप्पासोला नव्हते.

किती चाललात ते सांगतो, हा गुण मात्र खरा निघाला. रोज सूर्य कलला की फोन टिंग करून सांगायचा, आज तुम्ही सत्तावीस हजार पावलं चाललात, अभिनंदन, तुम्ही विजेते आहात. सोबत सोन्याच्या बिल्ल्याचं चित्र. आप्पासोच्या घराण्यात सात पिढ्या चालल्या, पण अभिनंदन करणारा भेटला तो हा पहिलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी बाभळीखाली जरा पाठ टेकली तर तोच फोन म्हणाला, बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला. आप्पासोनं त्याला कानडीतली एक शिवी दिली. सरहद्दीवरची माणसं शिवी कानडीतच देतात, ती जास्त लागते.

वाट दाखवतो, तेही खरं. मोटारीची दाखवतो. त्याच्या हिशेबानं तासगावाहून पेठ सव्वा तासावर होतं. आप्पासोला पाच दिवस लागले, आणि पाचही दिवस फोन दर शंभर पावलांवर सांगत राहिला की तुम्ही वाट चुकला आहात, मागं वळा. पाऊस सांगतो, तोही गुणच. पाऊस नाही म्हणाला त्या दिवशी बिऱ्हाड भिजलं, घोंगडी भिजली, पीठ भिजलं. फोन भिजला नाही. पाण्यात पडला तरी काही होत नाही, हे पोराचं बोलणं अक्षरशः खरं. एकदा मेंढरांना पाजायच्या हौदात पडला, तळाला जाऊन पडला, आणि रंगुबाईनं काढला तर आतून हसतच आला. माणसापेक्षा चिवट.

बोललं की ऐकतो. हा गुण आप्पासोनं एकदाच वापरून बघितला. त्यानं फोन तोंडाजवळ धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "इश्वजितला लाव." फोन म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही." आप्पासोनं पुन्हा सांगितलं. "माफ करा, मला समजलं नाही. कृपया स्पष्ट बोला." आप्पासोनं फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ तंबाखू मळत बसला. रंगुबाईनं न विचारता फोन उचलला, म्हणाली, "इश्वजितला लाव," आणि फोननं लावला.

आणि बॅटरी! सहा हजारची ती बॅटरी पाच भिंगांना, पावलांना, नाडीला, वाटेला नि पावसाला पुरवता पुरवता तिसऱ्या प्रहरीच मान टाकायची. वीज काय बाभळीला लागते? मग पोरानं उन्हावर चालणारी एक काळी पाटी पाठवून दिली. ती घोड्याच्या पाठीवरच्या बोचक्यावर बांधायची आणि फोन तिला जोडायचा. म्हणजे फोन आता घोड्यावरनं जाणार आणि आप्पासो पायी. बिऱ्हाडात पहिल्यांदा कुणाला तरी बसायला घोडं मिळालं.

हे सगळं सोसलं असतं त्यानं. हसण्यावारी नेलं असतं. खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते म्हणजे तो शेवटचा, मोठा गुण. तो गुण चालत होता. लय झ्याक चालत होता. पडद्यावरच्या मेंढराला बोट लावलं की दीडशे मुंड्या वर व्हायच्या आणि सगळा खांड फोनपुढं येऊन उभा राहायचा. वाटेवरचे लोक थांबून बघायचे, कुणी कुणी आपल्या फोनवर त्याचं चित्र काढायचे. "वा, आप्पा! आता तुमाला कष्टच न्हाईत." आप्पासो मान डोलवायचा. एकदा, रंगुबाई पाण्याला गेलेली असताना, त्यानं फोन घोंगड्यात गुंडाळून ठेवला आणि स्वतः हाक मारून बघितली. निघाला तो नुसता फुसका वारा. जवळच्या दहा-बारा मेंढरांनी बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. बाकीच्यांनी बघितलंही नाही. आप्पासोनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं. मग हे मोजायचं कारण नाही, असं त्यानं ठरवलं. जवळची तर आली असती की, थोडं थांबलो असतो तर. अजून परीक्षा झालेली नाही. परीक्षा होईल ती हायवेला.

पेठच्या अलीकडं पुणे-बंगळूर हायवे आडवा येतो. दरवर्षी खांड तिथंच ओलांडायचा. मधल्या दुभाजकाला एका जागी वाट सोडलेली आहे, तिथनं. पद्धत ठरलेली. आप्पासोनं पुढं जायचं, काठी आडवी करून गाड्या थांबवायच्या, पलीकडं जाऊन हाक द्यायची. मेंढरं हाकेमागं सरळ निघून जातात. रंगुबाईनं घोडं, कुत्रं आणि पिशवीतली तान्ही कोकरं घेऊन मागनं यायचं. तीस वर्षांत एक लेकरू मेलं नव्हतं तिथं.

त्या सकाळी रंगुबाईनं फोन त्याच्यापुढं धरला. "ह्यो घ्या. घशाला तान नको."

"हायवेला?" आप्पासो म्हणाला. "डब्याच्या भरवशावर दीडश्यांचा जीव घालू? मी अजून मेलो न्हाई. बांद त्यो घोड्यावर."

"आवं, पर आवाज…"

"बांद म्हनलं न्हवं!"

तिनं बांधला. पाटीला जोडला, बोचक्याला करकचून दोरी मारली आणि गप्प मागं उभी राहिली. अशा वेळी बाईमाणसानं गप्प बसायचं असतं, म्हणजे नंतर पुरुषमाणसाला "आधी का न्हाई सांगितलंस" म्हणून ओरडता येतं.

आप्पासो पुढं झाला. काठी आडवी केली. पहिली एक उसाची ट्रॉली थांबली, मग मालट्रक, मग मोटारी. तो दुभाजकापर्यंत गेला, पलीकडच्या अंगाला एक एसटी थांबवली आणि पलीकडं जाऊन वळला. छाती भरून घेतली. हाक दिली. निघाला तो घोगरा वारा. पण चालायची सवय होती, पुढचा एडका आप्पासोला बघून निघाला, आणि त्याच्या शेपटाला धरून बाकीची निघाली. तीस गेली, चाळीस गेली. आप्पासोच्या तोंडावर हसू आलं. बघा म्हणावं. आणि पन्नासावं मेंढरू दुभाजकाच्या मधे असताना घोड्याच्या पाठीवरनं आप्पासोचाच आवाज गर्जला, गेल्या वर्षीचा, तरणाबांड, "हुर्रर्र याऽऽ, याऽऽ!"

फोन आला होता.

मधली मेंढरं थांबली. पलीकडं गेलेली वळली. त्यांचा धनी मागं हाक मारत होता आणि पुढं कुणीतरी म्हातारा हात हलवत उभा होता. कुणाचं ऐकायचं? त्यांनी शहाणपणानं धन्याचं ऐकलं. पलीकडची पन्नास परत रस्त्यात घुसली, अलीकडची पुढं ढकलली गेली, दुभाजकाच्या त्या एवढ्याशा वाटेत सगळा खांड एकमेकांवर चढला. थांबलेल्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. मागच्यांना काय दिसतंय, ते बाजूनं घुसायला बघत होते. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतनं ओरडत होता. आप्पासो रस्त्याच्या मधे दोन्ही हात पसरून हाका मारत होता, नरड्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि तोंडातनं काहीही निघत नव्हतं. त्याच्याच आवाजानं त्याला हरवलं. "याऽऽ, याऽऽ!" फोन बोलवत होता, जीव तोडून.

रंगुबाईनं दोरी सोडायला बघितली, गाठ सुटेना. दातानं ओढून सोडली. फोन हातात घेतला, वर सरकवायचं की खाली ते कळेना, दोन्हीकडं सरकवलं. एकदाचा तो लागला. आतून एक गोड पोरगी बोलली, "नमस्कार! आपण नुकत्याच खरेदी केलेल्या फोनबद्दल आपला अनुभव कसा आहे? अतिशय समाधानी असाल तर एक दाबा."

रंगुबाईनं फोन कोकरांच्या पिशवीत टाकला. पिशवीतलं एक कोकरू उचललं, काखेत मारलं आणि सरळ त्या गर्दीत शिरली. तिनं हाक बिक काही मारली नाही. रोज सकाळी कोकरं पाजताना ती जे बोलायची तेच बोलत निघाली, ना मोठ्यानं ना हळू. "ये गं बया, ये. चल गं काळे. हिकडं कुटं, तुजं लेकरू माज्यापाशी हाय न्हवं? चल, चल, ये गं." काखेतलं कोकरू म्यां करून ओरडलं. त्याची आई वळली. तिच्याशेजारची वळली. मग ज्या ज्या मेंढीचं पोर या बाईनं कधी ना कधी आपल्या हातानं तिच्याखाली सोडलं होतं ती प्रत्येक वळली, आणि तशा तर सगळ्याच होत्या. एडका उगाच दोन पावलं इकडंतिकडं करून त्यांच्या मागं लागला. बाई पुढं आणि सगळा खांड मागं, असं करत ती आप्पासोच्या समोरनं हायवे ओलांडून गेली. आप्पासो काठी आडवी धरून एसटीपुढं उभा होता. गाड्या थांबवायला माणूस लागतोच.

एका मेंढीचा पाय खरचटला. बाकी सगळी पोहोचली. रंगुबाईनं मोजली नाहीत. तिला नुसतं बघून कळतं.

शिराळ्याला लालासाहेबांच्या रानात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडला. लालासाहेब म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, बारा एकर ऊस, आणि प्रत्येक वस्तूची तपासणी केल्याशिवाय तिला वस्तू म्हणायचे नाहीत. फोन बघून ते खुर्ची घेऊन बांधावरच येऊन बसले. चष्मा लावून उलटासुलटा केला, पोरगं बोलतं तसेच आकडे बोलले, आणि म्हणाले, "हथियार चांगलं हाय. आता वापरणाराचा रिपोर्ट पायजे. बोल आप्पा, याचे गुण काय, दोष काय?"

आप्पासोला हळू बोलायचीसुद्धा लाज वाटत होती. तरी सुभेदारांनी विचारलंय म्हणून तो बोलला. "गुन लय हायती. बॅटरीवानी उजेड झ्याक पाडतोय, रातीची मेंढी व्याली की कोकरू दिसतंय. पान्यात मरत न्हाई. पोराचं तोंड दिसतंय."

"आन दोष?"

"दोष एकच, सुभेदार. त्यो माज्यापरीस बरा बोलतोय."

लालासाहेब हसायला लागले आणि आप्पासोचं तोंड बघून मधेच थांबले. मग त्यांना एकदम आठवलं की उसाला पाणी सुरू आहे, आणि ते उठून गेले.

तिन्हीसांजेला विश्वजितचा फोन आला, तोंड दिसतं तो. रंगुबाई वाघरीत कोकरं पाजत होती. आप्पासोनं फोन धरला. पोरानं नेहमीसारखं विचारलं, फोन चालतोय का नीट, बॅटरी टिकतीया का. आप्पासोला खोटं सांगता आलं असतं. हायवे पोरानं बघितला नव्हता. मेंढरं आपल्या जागेवर होती. पण माणसाला शब्द द्यायची हौस असली की ती अशी अंगावर येते.

"मेंढरं माज्या हाकंला आली न्हाईत," तो म्हणाला.

 विश्वजितला हेच पाहिजे होतं, आणि आता मिळालं तर बापाच्या तोंडाकडं बघवेना. "आसूं द्या आबा," तो म्हणाला. "मंग परत येताना बाजाराचं बघू. तुमी सवताच शबुद दिला हुता."

"दिला हुता."

"मंग पार कशी झाली हायवे? फोनच्या हाकंनं?"

आप्पासोनं वाघरीकडं बघितलं. रंगुबाई मांडीनं एका मेंढीला दाबून धरून तिच्याखाली परकं कोकरू लावत होती. मेंढी लाथा झाडत होती, ही तिच्याशी बोलत होती.

"तुज्या आयच्या हाकंनं," तो म्हणाला. "आन मी शबुद माज्या हाकंचा दिला हुता. तिच्या हाकंवर माजा शबुद कसा चालंल? थांब. तिलाच इचार."

त्यानं फोन वाघरीच्या जाळीवरनं आत धरला. रंगुबाईचे दोन्ही हात गुंतलेले, तिनं नुसतं कपाळ फोनकडं केलं. विश्वजितला आईचं कपाळ आणि मेंढीचा कान दिसला. "आये," तो म्हणाला, "मेंढरं इकायची का ठेवायची?"

कोकरानं एकदाचं आचळ धरलं. रंगुबाईनं मेंढीची मान सोडली नाही. "अडोतीस वर्सं झाली मला या खांडात यिऊन," ती म्हणाली. "आज पयल्यांदा इचारतायसा. आता इचार तर करू द्या. हातातलं झालं की सांगती."

हातातलं त्या दिवशी झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आप्पासोचं अन्नपाणी गोड लागेना. तो तिच्या मागं मागं फिरायला लागला. वाघर ठोकायला गेला, मेखा वाकड्या ठोकल्या. कोकरू धरायला गेला, चुकीचं धरून चुकीच्या मेंढीखाली नेलं, लाथ खाल्ली. "तसं न्हवं," रंगुबाई म्हणाली. "ही तिची न्हाई. तिची ती, कपाळाला ठिपका असल्याली." आप्पासोनं बघितलं. तीस-चाळीस कोकरांना तरी कपाळाला ठिपका होता.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं धीर केला. आवाज बाहेर पडेल एवढाच करून विचारलं, "काय ठरीवलंस?"

रंगुबाईनं त्याच्या हातातलं कोकरू बघितलं, बरोबर होतं. मान हलवली. मेंढीचा मागचा पाय धरून ती खाली बसली.

"आवंदा न्हाई इकायची," ती म्हणाली. "फुडल्या साली पुन्ना इचारा."